टाकी, नक्षी आणि एन्ग्रेव्हिंग



अमरावतीत किंवा अकोल्यात सन्मानचिन्हे, चषक आणि दारावरच्या पाट्या करून देणाऱ्या दुकानांवर हल्ली देवनागरीत 'लेझर एन्ग्रेव्हिंग' असे लिहिलेले असते, आणि गिऱ्हाइकाला ते समजते. शब्द बाजारात रुळला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हाच शब्द आता मागे मागे पसरू लागला आहे. किल्ल्याच्या दरवाजावरची वेलबुट्टी, ताम्रपटावरची अक्षरे, देवघरातला टाक, पितळी हंड्यावरचे नाव, या सगळ्याला इंग्रजीत लिहिताना आपण 'एन्ग्रेव्हिंग' म्हणतो. मग तेच वाक्य मराठीत आणताना सगळीकडे 'कोरीवकाम' एवढा एकच शब्द टाकून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की मराठीने हातांच्या वेगवेगळ्या क्रियांना वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत, आणि एका इंग्रजी शब्दाच्या मापाने ती एकसारखी करून टाकली तर समोरची वस्तू आपल्याला नीट दिसत नाही. वऱ्हाडातल्याच वस्तूंच्या आधारे हे दाखवण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाकडे न्यायाने पाहू. 'एन्ग्रेव्ह'मधला 'ग्रेव्ह' हा जुन्या इंग्रजीतल्या खणणे या अर्थाच्या धातूपासून आला. थडग्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही त्याच कुळातला. म्हणजे खड्डा खणणे आणि धातूत रेघ खणणे या क्रिया इंग्रजीने एकाच मुळावर बसवल्या. आपणही विहीर 'खोदतो' आणि शिलालेखही 'खोदतो', तेव्हा इथवर दोन्ही भाषा सारख्याच चालतात. इंग्रज कारागिराच्या तोंडी मात्र हा शब्द फार नेमका आहे. टोकदार पोलादी कलमाने धातूचा बारीक तुकडा प्रत्यक्ष काढून टाकला, तरच ते एन्ग्रेव्हिंग. धातू न काढता पुढून ठोकून दाबला, तर त्याला ते 'चेसिंग' म्हणतात. मागून ठोकून फुगवला किंवा आम्लाने खाऊ दिला, तर त्यांची नावे आणखी निराळी. बोलण्यात मात्र हे भेद पुसले गेले आणि एन्ग्रेव्हिंग म्हणजे कठीण पृष्ठभागावरचे कोणतेही शोभेचे चिन्ह, असा सैल अर्थ उरला. त्यात छापखान्याने भर घातली. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर जे चित्र उमटते, त्या कागदालाही इंग्रजी एन्ग्रेव्हिंगच म्हणते.

मराठीने हे शेवटचे पाऊल कधी टाकले नाही. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरण्याचे काम शिकवले गेले. नानांच्या मृत्यूनंतर तो मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली तिथे अशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात याची नोंद केली आहे. त्या गीतेचा पत्रा कोरीव, पण गीता छापील. मराठी बोलणारा माणूस छापलेल्या पानाला कोरीव म्हणणार नाही, कारण 'कोरणे' या क्रियापदाला वस्तूतून काहीतरी कमी व्हावे लागते. आपण दात कोरतो, कान कोरतो, भुवया कोरून घेतो. दर वेळी काही निघून जाते आणि जे उरते त्याला आकार येतो. मिरजेच्या त्या कागदावरून काहीच निघून गेलेले नव्हते.

'नक्षी'ची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मुळात अरबी असलेला हा शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आला. 'नकाशा' त्याचाच भाऊ, आणि कोणाचा 'नक्षा उतरवला' असे आपण म्हणतो तो नक्षाही याच घरचा. नक्षीला हत्यार लागत नाही. ती दगडावर असेल, जरीच्या काठावर असेल, रांगोळीत असेल, करंजीच्या कडेवरही असेल. नक्षी हा झालेला आकार आहे, कोरणे ही करण्याची रीत आहे. नक्षी कोरता येते, विणता येते, काढता येते, आणि कोरलेल्या सगळ्यातच नक्षी असते असेही नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूरची लेणी डोंगर कोरून काढलेली, पण साधी आहेत. इंग्रजीतल्या 'शोभेचे एन्ग्रेव्हिंग' या जोडीत एन्ग्रेव्हिंग हे नाम मुख्य आणि शोभा हे त्याचे विशेषण. उपयोगाचे काम आधी झाले आणि शोभा वरून चढवली, असे त्या जोडीतून सुचते. ही कल्पना आपल्याकडच्या वस्तूंना लावून पाहिली की कुठे तरी अडते.

अचलपूरजवळच्या चमक गावी सापडलेले वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट घ्या. ते त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षातले, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले आहेत. भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचा हा दस्त आहे. त्यात आठ हजार मापे जमीन आहे, आणि दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, तोवरच दान टिकेल, अशा कडक अटी आहेत. इतका व्यवहारी कागद दुसरा मिळणे कठीण. पण त्याची लिपी पाहा. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक चिमुकली चौकोनी पेटी आहे, म्हणून अभ्यासक या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. या तऱ्हेच्या लिपीत पेटी दोन प्रकारांनी साधतात. कुठे चार बारीक रेघा मारून मधला तांब्याचा कण राखलेला असतो, कुठे अख्खा चौकोन कोरून पोकळ केलेला असतो. शेकडो अक्षरे आणि तितक्याच पेट्या. वाचायला त्यांची गरज नव्हती. तरी त्या वगळल्या असत्या तर ते राजशासन त्या घराण्याचे वाटले नसते. पेटी हीच अक्षराची ओळख होती, आणि ओळख हाच दस्ताचा प्राण असतो. इथे शोभा वरून चढवलेली नाही, ती दस्ताच्या खरेपणाचाच भाग आहे.

या काळातल्या दस्तांत क्रियापदांचा भेदही कसा काटेकोर पाळला आहे, ते वाकाटकांच्याच दुसऱ्या एका ताम्रपटात दिसते. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता हिच्या, पुण्याचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपटाच्या शेवटी शासन 'लिहिले' याची नोंद एका क्रियापदाने होते, आणि चक्रदास नावाच्या माणसाने ते टाकीखाली, म्हणजे छिन्नीखाली, आणले याची नोंद दुसऱ्या क्रियापदाने. मजकूर तयार करणारा निराळा, तांब्यावर हत्यार चालवणारा निराळा, आणि दुसऱ्यालाही नावाने उल्लेख मिळालेला. प्रभावतीगुप्तेचा आणखी एक ताम्रपट आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरचा. पुढे तेराव्या शतकात महानुभावांनी ज्या गावाला मराठी गद्याचे माहेर बनवले, तेच हे गाव. लिहिणे आणि कोरणे ही दोन कामे, आणि त्यांना दोन मान. आज आपण 'कोरीव लेख' असे एकच नाव घेतो, त्यात लेख सांगितला जातो आणि चक्रदास मागे राहतो.

आता तांब्याकडून दगडाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. अकोला जिल्ह्यातच दोन प्रकारचे लेख हाताच्या अंतरावर आहेत. बार्शीटाकळीच्या मंदिरात शके १०९८चा, म्हणजे इ. स. ११७६चा संस्कृत लेख आहे. यादवकाळातल्या इतर नागरी लेखांसारखी त्याची अक्षरे दगडात खोल गेलेली आहेत. त्याच जिल्ह्यात उत्तरेला सातपुड्याच्या कड्यावर नरनाळा आहे. त्याचा महाकाली दरवाजा बहमनी सुलतान महमूदशहाच्या अमलात फतेहउल्ला इमाद-उल्-मुल्काने १४८७च्या सुमारास बांधवला. फिक्या रंगाचा वालुकाश्म, उमललेली कमळे, भरगच्च कंगोरा, दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांना दगडी जाळ्या आणि कमानीवर अरबी लेख. अरबी-फारसी शिलालेखांच्या सर्वसाधारण रीतीप्रमाणे इथली अक्षरे पृष्ठभागातून वर आलेली आहेत. दोन्ही लेखांना आपण 'कोरलेला' म्हणतो, पण हाताने केलेली हालचाल अगदी उलटी आहे. बार्शीटाकळीला आखलेल्या रेघेवरून टाकी चालली. नरनाळ्याला आखलेली रेघ टाकीने चुकवली, तिला धक्का लागू दिला नाही, आणि तिच्या भोवतीचा सगळा दगड उतरवला. पहिल्या कारागिराने अक्षर काढले, दुसऱ्याने ते राखले. मराठीत या दुसऱ्या कामाला 'उठाव' हा सुरेख शब्द आहे, आणि तसे काम केलेली वस्तू 'उठावदार' ठरते. गमतीची बाब अशी की हा शब्द आपण रंगाला वापरतो, साडीला वापरतो, फक्त ज्या दगडासाठी तो हवा तिथेच तो विसरतो.

हा भेद नुसता शब्दांचा खेळ नाही, असे मी ठासून म्हणतो. खोदलेल्या अक्षरात धूळ बसते, चुन्याची पुटे साचतात. लेख वाचता येत नाही, पण पुष्कळदा त्या पुटाखाली तो सुरक्षित राहतो. उठावाच्या अक्षराला हा आडोसा नाही. हात लागला, दोर घासला, कोणी भाबडेपणाने ताराचा ब्रश फिरवला की आधी त्याचीच कड जाते, आणि गेलेली कड परत येत नाही. दोघांची काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे, सिंह आहे, खजुरीची झाडे आहेत. तेही सगळे उठावाचे काम. वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा हाच फतेहउल्ला मूळचा विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण, लढाईत पकडला जाऊन बहमनी चाकरीत आलेला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. गंडभेरुंडही दक्षिणेकडचेच राजचिन्ह. त्या आकृतीत वऱ्हाडच्या स्वतंत्र इमादशाहीची सगळी घडण उमटली आहे. आधी १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांसमोर, आणि नंतर दोनशे वर्षांच्या पावसात, ती अजून उभी आहे. तिला 'एन्ग्रेव्हिंग' म्हणणाऱ्याने ती हाताने चाचपून पाहिलेली नसते.

इथपर्यंत राजे आणि सरदार झाले. पण वऱ्हाडात टाकी सगळ्यात जास्त वेळा चालली ती घरातल्या जात्यावर आणि पाट्यावर. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा निसटतो, पीठ जाडेभरडे पडते. मग त्याला टाकी लावावी लागते. जवळजवळ, सारख्या खोलीचे, ओळीने पडलेले ठिपके हवेत. एक खोल आणि एक उथळ झाला तर दळण बिघडते. म्हणून चांगल्या टाकीचा दगड दिसतोही देखणा, आणि तो देखणा आहे याचा अर्थ तो चांगला दळेल. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्याचे मठारकाम पाहिले तर तीच गोष्ट. ओळीने पडलेल्या हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि झळाळतोही. हे शोभेचे काम की उपयोगाचे, या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्न दुसऱ्या भाषेतून आला आहे.

वऱ्हाडात हे काम करत गावोगाव फिरणारा समाज टाकणकार. टाकीवरूनच त्याचे नाव पडले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात पारधी समाजाच्या संदर्भात त्यांची नोंद आहे, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही पारधी समाजाबरोबर टाकणकार, टाकिया ही नावे आहेत. तो ग्रंथ १९१६चा. हिरालालांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शिलालेखांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली तीही १९१६चीच. एकाच अभ्यासकाच्या एकाच वर्षीच्या दोन पुस्तकांत टाकीची दोन टोके आली. एकात टाकीने नाव अमर झालेले राजे, दुसऱ्यात टाकीवरून नाव पडलेली माणसे, ज्यांच्यावर इंग्रजी राजवटीने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. या दोन पुस्तकांना एकमेकांशेजारी ठेवून वाचणारे फारसे कोणी निघाले नाही, याची मला खंत वाटते. कारण भाषेने तो धागा तुटू दिलेला नाही. संस्कृत 'टंक' म्हणजे छिन्नी, आणि ठसा मारलेले नाणेही. त्यातून 'टाकी' आली, 'टांकसाळ' आली, आणि विसाव्या शतकात यंत्र आले तेव्हा 'टंकलेखन' घडवले गेले. सरकारी कचेरीतला टंकलेखक आणि जात्याला ठोके देणारा टाकणकार एकाच शब्दाचे वारस आहेत.

आता आक्षेप. पहिला असा की नक्षी हा शब्दच परका असेल तर एन्ग्रेव्हिंगला का अडवायचे? अडवायचे नाहीच. नक्षी आली ती कारागीर, जाळ्या आणि कमानी घेऊन आली, आणि आपल्याकडे नसलेला एक अर्थ, हत्यारापासून सुटा झालेला आकार, तिने दिला. मराठीने तिला विभक्ती लावल्या, 'नक्षीदार' केले. लेझरचे यंत्रही नवे आहे, त्याचे नाव त्याच्याबरोबर आले तर हरकत नाही. मात्र नव्या शब्दाने नवा भेद आणावा, जुने भेद पुसू नयेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे. लेझरच्या कामातही दोन तऱ्हा आहेत. एकीत पृष्ठभाग जळून खाच पडते, दुसरीत धातूचा फक्त रंग पालटतो आणि बोटाला काही लागत नाही. पहिले काम मराठीत निःशंक कोरणे आहे, दुसरे नाही. दुकानात दोन्हींना एकच नाव आहे. म्हणजे इथेही मराठी क्रियापद जास्त नेमके ठरते.

दुसरा आक्षेप परिभाषेचा. शास्त्राला एक संज्ञा हवी, 'उत्कीर्णन' घ्या आणि वाद मिटवा, असे म्हणतात. उत्कीर्ण हा मोठ्या कुळातला शब्द आहे, मला तो प्रिय आहे. त्यातल्या मूळ धातूचा अर्थ विखुरणे, म्हणजे टाकीखालून उडणाऱ्या कपच्याच त्या शब्दात आहेत. म्हणून खोदलेल्या लेखाला तो चपखल बसतो. पण देवघरातल्या चांदीच्या टाकाला तो कसा लावणार? त्यावरचा खंडोबा किंवा देवी पत्र्याला मागून ठोकून, नाहीतर ठशावर दाबून उठवलेली असते. तिथे एक कणही विखुरलेला नाही. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख असते, त्याला आपण 'नाव घातले' म्हणतो. पूर्वी ते टोच्याने ठिपक्याठिपक्यांनी ठोकत, आता विजेच्या सुईने लिहितात. 'घालणे' हे क्रियापद तिथे हत्याराबद्दल काहीच सांगत नाही, ते मालकी सांगते. भांडे कोणाकडून आले, कोणाच्या घरचे, हे सांगण्यापुरते ते अक्षर. लेख, टाक आणि भांडे या तिन्हींना उत्कीर्णन म्हटले तर संज्ञा एक होईल, ज्ञान मात्र तिपटीने कमी होईल. कोरणे, खोदणे, उठवणे, ठोकणे, टाकी लावणे, घालणे ही सगळी परिभाषाच आहे. ती समितीने घडवली नाही म्हणून तिला परिभाषा मानायचे नाही, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जाते गेले, पाटा गेला, मिक्सर आला. वस्तूच नाही तर शब्द कोणासाठी जपायचे? यातले निम्मे खरे आहे, आणि त्याचे दुःख लपवण्यात अर्थ नाही. टाकी लावण्याची हाक गल्लीत येत नाही, ती शब्दांच्या आग्रहाने परतणार नाही. पण दरवाजे आहेत, ताम्रपट आहेत, टाक अजून पुजले जातात, आणि 'काळ्या दगडावरची रेघ' हा वाक्प्रचार बेसाल्टच्या या प्रदेशात अजून रोज बोलला जातो. तो नुसता पक्केपणा सांगत नाही. काळ्या पाषाणात रेघ ओढायला किती ठोके लागतात हे ज्यांनी पाहिले, त्यांच्या अनुभवातून तो आला आहे. नरनाळ्याच्या वालुकाश्मात जी नाजूक कमळे उमलली, ती आपल्या काळ्या दगडात उमलवणे किती अवघड, हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्या कमळांची किंमत कळणार नाही. वस्तू पाहण्यासाठी शब्द लागतात, आणि पाहणारे अजून जन्मायचे आहेत.

ऋद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे. तिथल्या अभ्यासकांना माझी विनंती आहे. अमरावती, अकोला, अचलपूर, अंजनगाव इथल्या सोनारांची, पाथरवटांची, टाकणकारांची जी म्हातारी माणसे आज आहेत, त्यांच्याकडून हत्यारांची आणि क्रियांची नावे टिपून घ्यावीत. शब्दाबरोबर हाताची हालचालही नोंदवावी: काढले की राखले, पुढून की मागून, कपची उडाली की नाही. आणि नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाजवळ पाटी लिहायची झाली तर ती अशी लिहावी: "या कमानीवरची अक्षरे कोरलेली नाहीत. त्यांच्या भोवतीचा दगड टाकीने उतरवून ती उठवली आहेत. कृपया हात लावू नये."